सारसाच्या शोधासाठी जी.पी.एस. यंत्र कोणते घ्यावे?

महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यतः गोंदिया व भंडारा जिल्ह्यांच्या धानपट्ट्यातच उरला आहे. हा पक्षी दाट जंगलात राहत नाही. तलावाच्या काठी, बोडीत आणि पुष्कळदा शेतकऱ्याच्या पाणी साचलेल्या बांधीत तो धानाची व पाणवनस्पतींची धाटे रचून घरटे करतो. अंडी बहुधा दोनच, व ती उबविण्यास सुमारे एक महिना लागतो. रोवणीनंतर निंदणास गेलेल्या मजुरांच्या दृष्टीस घरटे पडते. परंतु आठ दिवसांनी पुन्हा जावे तर चहूकडे सारखेच हिरवे धान, आणि घरटे नेमके कोणत्या बांधीत होते याविषयी दोघांची तीन मते! जी.पी.एस. यंत्राचा खरा उपयोग येथे आहे. घरटे शोधून देण्याचे काम ते करीत नाही. ते काम शेतकऱ्याच्या डोळ्यांचेच. एकदा पाहिलेली जागा पुन्हा सापडावी, एवढ्यासाठीच ते घ्यावयाचे.

म्हणूनच सानगडीसारख्या गावी रंगीत नकाशाचे महागडे यंत्र घेण्याचे काही कारण मला दिसत नाही. नकाशा परक्या मुलुखात हिंडणाऱ्यास लागतो. आपल्या माणसास प्रत्येक धुरा ठाऊक असतो. यंत्र पावसात व चिखलात टिकणारे असावे, ओल्या बोटांनी चालावे म्हणून बटणांचे असावे, आणि गावच्या दुकानात मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालावे. उदाहरणार्थ, गार्मिन कंपनीचे ‘ई-ट्रेक्स १०’ हे साधे यंत्र दोन पेन्सिल सेलवर वीस-पंचवीस तास चालते व एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी बिघडू नये असे बनविलेले आहे. असे जुने यंत्र चालू स्थितीत मिळाल्यास तेही चालेल. नागरी उपयोगाच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने २ मे २००० पासून काढून टाकली. त्यापूर्वी शंभर मीटरपर्यंत फरक पडत असे. आता मोकळ्या आकाशाखाली साधे यंत्रही काही मीटरांच्या आत जागा दाखविते.

ज्याच्याजवळ स्मार्टफोन आहे त्याने स्वतंत्र यंत्र विकत घेऊच नये. नेटवर्क नसले तरी फोनास उपग्रहांचे संकेत मिळतात. मात्र भर पावसात त्याचा पडदा बोटाला दाद देत नाही व बॅटरी लवकर उतरते. यास्तव गावकऱ्यांनी मिळून एक साधे यंत्र ठेवावे, हे मला अधिक योग्य वाटते.

यंत्र कोणतेही असो, खरा घोटाळा होतो तो आकडे लिहिताना. आपला साकोली तालुका साधारण २१ अंश उत्तर अक्षांश व ८० अंश पूर्व रेखांश यांच्या आसपास आहे. समजा, यंत्राने २१ अंश ०५ मिनिटे दाखविली आणि कोणी ती २१.०५ अंश अशी लिहून घेतली. २१.०५ अंश म्हणजे २१ अंश ०३ मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटरचे, म्हणजे जागा जवळजवळ पावणेचार किलोमीटर दक्षिणेस सरकली! वनरक्षक भलत्याच गावच्या बांधीत उभा राहील, आणि इकडे घरट्यावर पाय पडेल. यासाठी सर्व यंत्रे दशांश अंशांवर लावून ठेवावीत व दशांशचिन्हापुढे पाच आकडे लिहावेत. तीनच लिहिल्यास शंभर मीटरांहून अधिक फरक पडू शकतो, व तेवढ्यात कितीतरी बांध्या येतात.

खूण घेण्यासाठी घरट्यापर्यंत जाऊ नये. धुऱ्यावरच उभे राहावे, यंत्र दोन-तीन मिनिटे स्थिर धरावे, आणि वहीत ‘येथून पूर्वेस सुमारे साठ पावले’ असे लिहून शेताचा गट क्रमांक व दिनांक नोंदवावा. झाडाखाली खूण घेऊ नये. पानांच्या दाटीने संकेत अडतात.

आणखी एक गोष्ट. घरट्याची जागा मोबाईलवरील गावच्या गटात टाकण्याची हौस अलीकडे वाढली आहे. तिला माझा स्पष्ट विरोध आहे. फोटो काढणाऱ्यांची झुंबड बांधीत शिरली की पक्षी अंड्यांवरून उठतो, आणि धान तुडविले जाते ते शेतकऱ्याचे. आकडे शेतमालकास व वनरक्षकास द्यावेत; पिल्ले बांधीतून निघून जाईपर्यंत इतरांस देण्याचे प्रयोजन नाही.