डोंबिवलीत धुकं पडतं कधी?

डोंबिवलीत वर्षातून किती दिवस धुकं पडतं?

खरंच विचारतोय. थंडीत वासिंद, टिटवाळा, बदलापूर बाजूला पहाटे धुकं असतं. मग कसाऱ्याच्या आणि कर्जतच्या लोकल लेट होतात आणि फलाटावरची जनता रेल्वेच्या नावाने शंख करते. तेवढे दिवस सोडले तर आपल्याकडे हवेत जे पांढरं तरंगतं ती धूळ असते, नाहीतर एमआयडीसीची कृपा.

आता दुसरा प्रश्न. संध्याकाळी ऐरोलीहून किंवा ठाण्याहून घरी परतणाऱ्या फोर बाय फोर गाड्यांच्या बंपरवर, ग्रिलवर आणि टपावर मिळून किती जादा एलईडी दिवे असतात? मोजून बघा एकदा. कल्याण-शीळ रस्त्यावरचं ट्रॅफिक तुम्हाला त्यासाठी भरपूर वेळ देतं. :-)

ह्या दोन उत्तरांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, आणि आजचा लेख त्याबद्दल आहे.

आधीच सांगतो, मी गाडीवर दिवे लावण्याच्या विरोधात नाही. ऑफ-रोडिंगच्या तर मुळीच नाही. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली, २०२३ मध्ये जिम्नी आली, गुरखा आधीपासून होतीच. आयटीतली आमची अख्खी पिढी रविवारी चिखलात जायला लागली. चांगलं आहे. आठवडाभर एसीत बसून बग फिक्स करणाऱ्याने रविवारी चिखलात रुतावं, त्याची तब्येत सुधारते. आणि जादा दिव्यांची गरजही खरी आहे. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेजच्या पायथ्याशी जा. जुलैमध्ये घाटात ढग रस्त्यावर उतरलेला असतो, कड्यावरचं पाणी टपावर पडतं, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी. तिथे चांगला फॉग लाइट म्हणजे चैन नाही.

पण आपण तिथे जाण्यासाठी म्हणून जे विकत घेतो, तो बहुतेक वेळा फॉग लाइट नसतोच. भांडण इथे आहे.

फॉग लाइट म्हणजे जास्त उजेड पाडणारा दिवा नव्हे. उजेड कुठे पाडायचा नाही हे ज्याला कळतं तो फॉग लाइट. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. त्यांच्यावर प्रकाश पडला की तो सगळीकडे विखुरतो आणि त्यातला बराचसा तुमच्याच डोळ्यात परत येतो. धुक्यात हाय-बीम लावून बघितलाय का? समोर पांढरी चादर टांगल्यासारखं दिसतं. म्हणून फॉग लाइट बंपरमध्ये खाली बसवतात, त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो, आणि झोताची वरची कड सुरीने कापल्यासारखी असते. त्या कडेच्या वर जवळपास अंधार. तुमच्या नजरेच्या रेषेतलं धुकं उजळत नाही, त्याच्याखालून रस्त्याची कड आणि पांढरा पट्टा दिसतो. युक्ती एवढीच आहे. तो वरचा अंधार हेच त्या दिव्याचं खरं काम.

आता टपावर लावलेली वीस इंची एलईडी पट्टी आठवा. ती कुठे आहे? डोळ्यांच्याही वर. झोताला कड आहे का? नाही. म्हणजे धुक्यात ती लावली की तुम्ही स्वतःच्या नजरेसमोर स्वतःच्या पैशांनी पांढरा पडदा टांगता. ती वाळवंटासाठी, मोकळ्या माळासाठी आहे, जिथे समोरून कोणी येत नाही. कॅलिफोर्नियासारख्या गाडीवेड्या राज्यातसुद्धा असे ऑफ-रोडचे दिवे सार्वजनिक रस्त्यावर बंद आणि झाकलेले ठेवावे लागतात. आपल्याकडे ते तीन हात नाक्यावर चालू असतात.

दुकानात मिळणाऱ्या ज्ञानाबद्दल काय बोलावं! खोक्यावर छापलेलं असतं ‘४०,००० लुमेन’. अहो, आपण इंजिनियर ना? एलईडी दिव्यातून एका वॉटला ढोबळमानाने शंभरेक लुमेन मिळतात. दिवा ४० वॉटचा असेल तर ४,००० लुमेन, तेही खुशीत. वरचा शून्य दुकानदाराचा. आणि कंपनीच्या गाड्यांत वर्षानुवर्षं फॉग लाइटला वापरला गेलेला ५५ वॉटचा एच-११ हॅलोजन बल्ब किती देतो? सुमारे १,३५०. त्याचा भाऊ, ३५ वॉटचा एच-८, तर सुमारे ८००. एवढ्याशा उजेडात लोकांनी धुकं पार केलं, कारण तो उजेड योग्य जागी पडत होता.

दुसरं ज्ञान पिवळ्या रंगाचं. ‘साहेब, यलो घ्या, धुकं चिरून जातं.’ नाही जात. हवेच्या रेणूंवरून प्रकाश विखुरताना निळा रंग जास्त विखुरतो, म्हणून आकाश निळं. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात, त्यांना सगळे रंग जवळपास सारखेच. म्हणून तर धुकं पांढरं दिसतं! पिवळ्या दिव्याचा एक फायदा खरा आहे, त्यात निळा कमी असल्याने डोळ्यांना त्रास कमी होतो. त्यासाठी जरूर घ्या. धुकं चिरायला घेऊ नका.

आणि जुन्या हॅलोजनच्या वाटीत नुसता एलईडी बल्ब खुपसणं, हा तर आपला राष्ट्रीय खेळ. ती वाटी फिलामेंटची जागा मिलिमीटरमध्ये धरून घडवलेली असते. फिलामेंटच्या जागी दोन्ही बाजूंना चिप चिकटवलेली पट्टी आली की झोताची कड विस्कटू शकते, आणि उजेड नको तिथे फेकला जातो. तुम्हाला वाटतं, काय भारी उजेड पडतोय!

इथेच आमच्या धंद्यातलं ते सुप्रसिद्ध वाक्य आठवतं. टेस्टिंगवाला बग घेऊन येतो आणि डेव्हलपर मान वर न करता म्हणतो, ‘माझ्या मशीनवर चालतंय.’ ह्या वाक्यावर आपण ऑफिसात हसतो आणि संध्याकाळी गाडीत बसून तेच करतो. दिवा लावला, आत बसलो, समोर लख्ख दिसलं, टेस्ट पास. पण दिव्याची टेस्ट ड्रायव्हरच्या सीटवरून होतच नाही. ती समोरच्याच्या डोळ्यात होते.

हे मी म्हणत नाही, कायदा म्हणतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ काढून वाचा. दिव्याचा झोत खाली वळलेला असला पाहिजे, इतका की दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर, आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत तो दिपता कामा नये. आता कल्पना करा, ह्या जागी कोण असतं? आपण डावीकडून गाडी चालवतो. म्हणजे उजवीकडे अर्धा मीटर बाहेर, दीड मीटर उंचीवर, समोरून येणारा स्कूटरवाला. नियम लिहिणाऱ्याने टेस्ट केस बरोबर त्याच्या डोळ्यात ठेवली आहे. १९८९ साली! आणि आपण अजून स्वतःच्या सीटवर बसून पास होतोय.

तो स्कूटरवाला म्हणजे कोणी परका नाही. घोडबंदर रोडवरून रात्री परतणारा डिलिव्हरीचा पोरगा. कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांजवळून मुलीला क्लासवरून आणणारी आई. मुरबाड रोडला अंधारात कडेकडेने पायी घरी निघालेली माणसं. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. समोरच्याला दोन सेकंद जरी दिसलं नाही, तरी तो तेहतीस मीटर आंधळा चालला. त्या तेहतीस मीटरमध्ये खड्डा आहे का, कोणी चालतंय का, हे त्याला माहीत नाही. वय जास्त तर दिपलेले डोळे सावरायला वेळही जास्त. आणि तो पडतो तेव्हा तुम्ही पुढे गेलेले असता. तुम्हाला कळतसुद्धा नाही. ह्या प्रकारातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे, की चूक करणाऱ्याला एरर मेसेज कधी येतच नाही.

ह्यावर ठरलेले युक्तिवाद येतात. एकेक घेऊ.

‘सगळेच लावतात, मग मी का नको?’ सगळ्यांनी लावले म्हणून कोणालाच जास्त दिसत नाही, सगळ्यांनाच कमी दिसतं. लग्नाच्या हॉलमध्ये डीजे वाढला की आपण ओरडून बोलतो, मग शेजारचा आणखी ओरडतो, तसं. कोणीतरी आधी आवाज कमी करायला लागतो.

‘कंपनीचे दिवे कमी पडतात.’ काही गाड्यांचे पडतात, मान्य. मग लो-बीम नीट ॲडजस्ट करून घ्या, मळलेली काच साफ करा, आणि खरा फॉग लाइट लावा. बाकी, गाडीच्या अगदी पुढ्यात फार उजेड पाडला की डोळे त्या उजेडाला सरावतात आणि लांबचं उलट कमी दिसतं, हेही लक्षात असू द्या.

‘घाटात स्पीड ठेवता येतो.’ अजिबात नाही! ओल्या रस्त्यावर ६० ला ब्रेक मारायचं सुचून गाडी थांबेपर्यंत पन्नासेक मीटर जातात, ३० ला वीसेक. माळशेजच्या धुक्यात वीस मीटर दिसत असेल तर स्पीड ३० च्या खालीच. जगातला कुठलाही दिवा हे गणित बदलत नाही.

‘पोलीस कुठे पकडतात?’ हा युक्तिवाद नाही, कबुलीजबाब आहे. तरी सांगतो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १८२अ आहे. नियमात न बसणारा बदल गाडीत केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टपावर, ग्रिलवर, बंपरवर मिळून किती बदल झाले, हिशोब करा.

नुसती टीका करून थांबणं बरोबर नाही, म्हणून काय करायचं तेही लिहितो. पहिली पसंती कंपनीच्याच किटला, म्हणजे कायद्याचा आणि वॉरंटीचा दोन्ही प्रश्न मिटतात. बाहेरून घेणार असाल तर काचेवर बघा. गोलात इंग्रजी ई आणि जवळ एफ-३ किंवा बी कोरलेलं असेल तर तो फॉग लाइटच्या आंतरराष्ट्रीय नियमातून पास झालेला दिवा आहे (खोट्या छापाचा धोका आहेच, म्हणून दुकान ओळखीचं बघा). बसवायचा खाली, लो-बीमच्या वर कधीच नाही. मग संध्याकाळी सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करा आणि झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण ४ इंच खाली आणा. एक पाना आणि दहा मिनिटं, बस्स.

वायरिंगला रिले हवाच. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, तिथून रिले, तिथून दिवे. ४० वॉटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टला सात अँपिअरच्या आत, १० अँपिअरचा फ्यूज पुरतो. कंपनीच्या वायरी मध्येच सोलून, पिळून, टेप गुंडाळणाऱ्या कारागिराला हात जोडा आणि दुसरीकडे जा. पावसाळ्यात त्या टेपखाली पाणी शिरतं, आणि पुढची कथा बॉनेटमधून धूर निघताना कळते.

आणि टपावरची पट्टी हवीच असेल, जंगलात, माळावर, तर निदान एक करा. तिच्या रिलेचा ट्रिगर हाय-बीमवरून घ्या. म्हणजे समोरून कोणी आलं, तुम्ही डिपर मारला, की पट्टीही आपोआप विझेल. सभ्यपणा आठवणीवर सोडू नका, वायरिंगमध्ये टाका. आपण कोडमध्ये हेच करतो ना? युजर नीट वागेल अशी आशा करत नाही, तो चुकूच शकणार नाही असं लिहितो. आणि शहरात शिरलात की पट्टीवर कव्हर.

एक आठवण करून देतो. आपल्या लहानपणी कितीतरी ट्रकच्या हेडलाइटवर वरच्या अर्ध्या भागात काळा रंग फासलेला असायचा, आणि मागे लिहिलेलं असायचं, रात्री डिपर वापरा. झोताला वरून कापायचं असतं आणि समोरच्याला दिसू द्यायचं असतं, ही दोन्ही तत्त्वं त्या रंगाच्या डब्यात होती. आपण डिग्री घेतली, ईएमआयवर गाडी घेतली, आणि तो काळा रंग खरवडून काढला.

ह्या शनिवारी अंधार पडल्यावर सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर गाडी उभी करा. सगळे दिवे लावा. आठ मीटर पुढे, उजवीकडे अर्धा मीटर बाहेर, तुमच्या वडिलांना स्कूटरवर बसवा आणि विचारा, ‘बाबा, काय दिसतंय?’ ते जे सांगतील, तो तुमच्या दिव्यांचा टेस्ट रिपोर्ट.