आडनावातली खूण आणि अडकलेला अहवाल

वसईत डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा ही आडनावे गावोगाव आहेत. इंग्रजीत लिहिताना त्यांतल्या 'डी'नंतर वरच्या बाजूला एक लहानशी खूण येते, अपॉस्ट्रॉफी. ही खूण रक्ततपासणीचा अहवाल अडवू शकते, असे सांगितले तर पटणार नाही. पण ते शक्य आहे.

लॅबमधले सॉफ्टवेअर सगळी कामे स्वतः करत नाही. अहवालाची पीडीएफ बनवण्यासाठी किंवा ती छापण्यासाठी ते अनेकदा संगणकातल्या दुसऱ्या प्रोग्रॅमला हुकूम सोडते. हा हुकूम म्हणजे मजकुराची एक ओळ. फाइलचे नाव म्हणून त्यात रुग्णाचे नाव चिकटवले, की घोळ सुरू होतो. लिनक्ससारख्या प्रणालीत ही ओळ 'शेल' वाचतो. अपॉस्ट्रॉफी दिसली की अवतरण सुरू झाले असे तो समजतो, त्याचा शेवट सापडत नाही आणि हुकूम फसतो. इकडे डेंग्यूच्या रुग्णाचे घरचे प्लेटलेटच्या आकड्याची वाट पाहत बसतात.

यावर सोपा तोडगा काढला जातो, खूणच गाळायची. मग लॅबच्या कागदावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि विम्याचा दावा करताना हेलपाटे. चूक प्रोग्रॅमची आणि दुरुस्ती माणसाच्या नावाची, हे मला मान्य नाही.

शिवाय खरा धोका तसाच राहतो. नावाच्या रकान्यातली एक खूण हुकूम मोडू शकत असेल, तर त्याच रकान्यात अर्धविराम टाकून कोणी आपला हुकूमही घुसवू शकतो. नोंदी पुसण्याचा किंवा पळवण्याचा. २०१४च्या सप्टेंबरमध्ये उघड झालेला 'शेलशॉक' हा दोष याच जातकुळीतला. 'बॅश' या शेलमध्ये तो १९८९पासून दडून होता.

उपाय जुना आहे आणि फुकट आहे. शेलला मध्ये न घेता प्रोग्रॅमचे नाव आणि त्याला द्यायची माहिती सुटी सुटी पाठवायची. पायथॉनसह बहुतेक भाषांत ही सोय आहे. फाइलला तर रुग्णाचे नाव नकोच, क्रमांक पुरतो.

तेव्हा दवाखाने आणि लॅब चालवणाऱ्यांनी सॉफ्टवेअर घेण्याआधी विक्रेत्यासमोर एक डिसोझा खुणेसकट नोंदवून पाहावा. अहवाल निघाला नाही किंवा नाव बदलून निघाला, तर त्या सॉफ्टवेअरला नमस्कार करावा.