वरातीने वगळलेला उत्तरार्ध

लग्नसराई सुरू झाली की धाराशिव जिल्ह्यातील प्रत्येक गावात सायंकाळी एकच गाणे वाजते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण फार मोठ्या अतिशयोक्तीचे नव्हे. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. तेव्हा पहिलीत असलेली मुले आता वरातीपुढे ‘झिंगाट’वर नाचू लागली आहेत. चित्रपटातील गाण्याला इतके आयुष्य क्वचितच लाभते. परंतु गाणे जगले आणि चित्रपट मात्र विस्मरणात गेला, असे काहीसे घडले आहे, आणि ते ज्या प्रदेशाचे हे चित्र आहे त्या प्रदेशातच घडले आहे.

‘सैराट’ परक्या मुलखातला नाही. तो जेथे चित्रित झाला तो करमाळा तालुका सोलापूर जिल्ह्यात असला तरी परंड्याला लागून आहे; करमाळ्याची कमलाभवानी हे तुळजाभवानीचेच रूप मानले जाते. आर्ची आणि परशा जीव वाचवून ज्या हैदराबादला पोहोचतात, त्या हैदराबादच्या संस्थानात हा जिल्हा होता आणि सोलापूरहून तिकडे जाणारा महामार्ग आजही नळदुर्ग-उमरग्यावरूनच जातो. बोली, ऊस, विहिरी, पाटीलकी, सारे ओळखीचे. ओळखीची नाही असे म्हणता येणार नाही, अशी आणखी एक गोष्ट त्यात आहे, आणि ती म्हणजे त्याचा शेवट.

या चित्रपटाची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. अजय-अतुल यांची चारही गाणी पूर्वार्धातच येऊन जातात. ‘झिंगाट’ वाजते ती पाटलाच्या मुलाच्या वाढदिवसाची रात्र, आणि त्याच रात्री ही दोघे पकडली जातात. उत्तरार्धात गाणे नाही. तेथे झोपडपट्टीतील खोली आहे, बाटल्यांच्या कारखान्यातील नोकरी आहे, डोशाची गाडी आहे, संशय आहे, भांडण आहे, समेट आहे, मग मूल आहे. तारुण्याची नशा उतरून संसार कसा उभा राहतो, हे इतक्या सावकाश दाखवणारे मराठी चित्रपट थोडे. आणि अखेरीस माहेरच्या भेटी घेऊन माणसे येतात. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परतते, तेव्हा पडद्यावर आवाजच उरलेला नसतो. तीन तासांच्या चित्रपटातून वरातीने जेमतेम चार मिनिटे उचलली आणि बाकीचे जेथल्या तेथे ठेवले.

असे इतरत्रही घडले आहे. १९७७च्या ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’चा नायक न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रंगाच्या दुकानातला साधा नोकर, शनिवारी रात्री नृत्यगृहात तो राजा असतो. मूळ चित्रपट कडवट आहे, त्यात बलात्कार आहे, पुलावरून पडून मेलेला मित्र आहे. १९७९ मध्ये त्याची सौम्य केलेली आवृत्ती प्रदर्शित करण्यात आली. जगाला स्मरतो तो पांढरा पोशाख आणि वर उचललेला हात. तेथे कात्री निर्मात्यांनी चालविली. येथे ती समाजाने स्वतःच चालविली, एवढाच फरक.

तरुणांच्या नाचाला नाके मुरडण्याचे मात्र कारण नाही. हा संबळाचा आणि हलगीचा मुलूख आहे. तुळजापुरात देवीपुढे गोंधळी उभा राहिला की म्हाताऱ्यांचेही पाय हलतात. ज्याला या भागात ‘डॉल्बी’ म्हणतात त्याच्या दणदणाटाविषयी तक्रार रास्त आहे. (रे डॉल्बी यांनी १९६०च्या दशकात नाव कमावले ते ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्याच्या तंत्रासाठी, त्यांचे नाव मराठीत गोंगाटाला लागावे, हा दैवदुर्विलास.) पण खरा प्रश्न आवाजाचा नाही. मासेमारीवर जगणाऱ्या पारधी कुटुंबातला मुलगा आणि पाटलाची मुलगी यांच्या प्रेमाचे गाणे ज्या वरातीत वाजते, ती वरात बहुधा जात-पोटजात पाहून, पत्रिका जुळवून ठरलेल्या लग्नाची असते. तिच्यापुढे नाचणारे बाप, काका, मामा हे गाणे आनंदाने सहन करतात. त्यातली गोष्ट त्यांच्या घरात घडली तर काय करतील, हे त्यांना कोणी विचारत नाही. आणि नाचणाऱ्या मुलींना ते विचारण्याची गरजच वाटत नाही, कारण उत्तर त्यांना ठाऊक असते.

काळाचा हिशेब ध्वनिक्षेपकांच्या भिंतीजवळ उभ्या असलेल्या तरुणालाही चुकत नाही. मिया हान्सेन-लव्ह या फ्रेंच दिग्दर्शिकेने २०१४च्या ‘ईडन’मध्ये पॅरिसमधील एका डीजेची सुमारे वीस वर्षे दाखविली आहेत. संगीत तेच राहते, ऐकणारे बदलत जातात, आणि नायकाजवळ अखेर कर्ज उरते. हप्त्यावर टेम्पो आणि ध्वनिसामग्री घेऊन लग्नसराईवर वर्ष काढणाऱ्या भूम-कळंबच्या मुलाची गोष्ट मराठी पडद्यावर यावी, असे ती पाहताना वाटल्यावाचून राहत नाही.

तोवर एक गोष्ट सहज होण्यासारखी आहे. गणेशोत्सवात रस्त्यावर पडदा लावून चित्रपट दाखविण्याची महाराष्ट्रात जुनी चाल होती. जिल्ह्यातील एखाद्या मंडळाने, अर्थात निर्मात्यांची रीतसर परवानगी घेऊन, यंदा ‘सैराट’ अखेरपर्यंत दाखवावा; बायका-मुलींसाठी पुढच्या रांगा राखाव्यात, आणि त्यांच्यामागे गावातील वडीलधाऱ्यांना आग्रहाने बसवावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे, सवलतीचे दिवस वगळता, रात्री दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात. खेळ सातच्या ठोक्याला सुरू केला तर त्याचीही अडचण येणार नाही.