थंडी किती आहे तुमच्याकडे?

आमच्या शाळेच्या वर्गमित्रांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. परवा त्यावर एक सूचना आली. सूचना करणारा आमच्यातलाच, बँकेतून निवृत्त झालेला, शिस्तीचा माणूस. त्याचं म्हणणं असं, की रोज सकाळी 'आज आमच्याकडे ९ अंश', 'आमच्याकडे धुकं', 'स्वेटर काढले की नाही?' हे जे चालतं ते आता पुरे करावं. हवामान काय, मोबाईलवर कुणालाही दिसतं. त्यापेक्षा प्रवासाला गेलात तर त्याचं वर्णन लिहा, फोटो टाका, नवीन काही वाचलं तर सांगा. पाच-सहा जणांनी लगेच अंगठे दाखवले. (आमच्या वेळी अंगठा दाखवणं म्हणजे नकार असायचा, हल्ली तो होकार असतो!)

मी या सूचनेच्या विरोधात आहे. कारणं जरा सविस्तर सांगायची आहेत आणि मोबाईलवर एवढं लांबलचक कुणी वाचत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी आमच्या वर्गाविषयी. १९६७ साली आम्ही निफाड तालुक्यातल्या एका शाळेतून अकरावी, म्हणजे तेव्हाची एस.एस.सी., पास झालो. वर्गात मुलं एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला. एकमेकांशी बोलायचं नाही हा नियम कुणी फळ्यावर लिहिला नव्हता, पण सगळे पाळत होते. आज पंचाहत्तरीच्या आसपासचे आम्ही २७ जण ग्रुपवर आहोत. बरेचसे नाशिक-पुण्यात, एक भोपाळला, एक दिल्लीत लेकाकडे, एक नागपूरला, एक न्यू जर्सीत, एक वर्षातले सहा महिने मेलबर्नला. चौघं अजून गावातच आहेत, द्राक्षाच्या बागेत.

आता मला सांगा, ज्यांच्याशी शाळेत एक वाक्य बोललो नाही, त्यांच्याशी पन्नास वर्षांनी बोलायला लागायचं तर सुरुवात कशाने करायची? एकदम 'तुमची तब्येत कशी आहे', 'सुनेशी पटतं का' असं विचारता येत नाही. पहिली दोन वर्षं आमच्या वर्गातले पुरुष मला 'अहो बाई' म्हणत होते! 'अहो बाई, नाशकात थंडी फार आहे म्हणे?' इथून सुरू झालेलं आता 'अगं, कानटोपी घालून बाहेर पड' इथपर्यंत आलं आहे. हे अंतर हवामानाच्या रस्त्यानेच कापलं गेलं. दुसरा रस्ता आमच्याकडे नव्हताच.

बरं, या गप्पांमध्ये माहिती नसते असंही नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात उत्तर भारतावर येतात. हिमालयात बर्फ पडतो, दिल्ली-पंजाबकडे ढग येतात, कधी पाऊस होतो. ते पुढे सरकले आणि आभाळ निवळलं, की उत्तरेचे कोरडे, गार वारे खाली उतरतात. मध्य प्रदेश ओलांडून विदर्भ, खानदेश, मग आमचं नाशिक. म्हणजे ग्रुपवर काय दिसतं बघा. दिल्लीचा मित्र लिहितो, 'काल रात्री पाऊस झाला.' मग भोपाळची मैत्रीण म्हणते, 'आज वारा बोचरा आहे.' आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत आमच्या गल्लीत वॉचमन शेकोटी पेटवून बसलेला असतो. दरवेळी असंच होतं असं नाही. मध्येच समुद्रावरून बाष्प आलं तर ढग राहतात आणि रात्र उबदार जाते. पण बहुतेक वेळा हा क्रम जुळतो.

आम्हा निवृत्तांना ही गंमत. बागवाल्या चौघांना ती गंमत नाही. कडाक्याची थंडी पडली की द्राक्षमण्यांची फुगवण थांबते, पक्व होत आलेले मणी तडकायची भीती असते. मग पहाटे उठून बागेला पाणी द्यायचं, ठिकठिकाणी शेकोट्या करून ऊब धरायची. वर्षभराचा खर्च त्या घडांमध्ये लटकलेला असतो. आणि बांधापलीकडचा गहू-हरभरा मात्र त्याच थंडीने खूश! एकाच गावात एकाच पहाटे एक जण काळजीत आणि एक जण समाधानात, हे मला पुस्तकाने नाही, या रोजच्या दोन-दोन ओळींनी शिकवलं.

मोबाईलवर आकडा दिसतो हे खरं. पण आकडा कुठला? हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर, पांढऱ्या लाकडी झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. सगळीकडची मोजणी सारखी व्हावी म्हणून ते योग्यच आहे. निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. तिथला पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो आणि सगळा महाराष्ट्र 'निफाड गारठलं' म्हणतो. पण निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता वेगाने सोडते, आणि जमिनीलगत पेटीतल्या पाऱ्यापेक्षा जास्त गार असतं. म्हणूनच पेपरात ५-६ अंश छापलेले असतात आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर दवाचे हिमकण झालेले असतात. दोन्ही खरं. मोबाईल गावाचा आकडा सांगतो. माणूस सांगतो ती त्याच्या अंथरुणातली थंडी असते.

आणि खरं सांगायचं तर आमच्या वयात हवामानाची बातमी ही फक्त हवामानाची नसतेच. 'आज वारा होता, फिरायला गेलो नाही' असं एखाद्याने लागोपाठ चार दिवस लिहिलं, की आम्ही समजतो, वारा नाही, गुडघा आहे. किंवा दम लागतो आहे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयाला त्रास असणाऱ्यांनी पहाटेच्या गारठ्यात फिरू नये, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण 'मला भीती वाटते' असं आमच्या पिढीतला पुरुष लिहीत नाही. तो लिहितो, 'यंदा थंडी जरा जास्तच आहे.' एवढं त्याने लिहिलं म्हणजे त्याने दार किलकिलं केलं. ते आपण ढकलायचं की नाही हे आपल्यावर आहे. पूर्वीच्या पत्रांतही हेच होतं. मायना झाला, क्षेमकुशल झालं, की पुढे पाऊसपाणी. आणि खरी बातमी बहुतेक वेळा त्या पाऊसपाण्याच्या पोटात असायची.

आता प्रवासाविषयी. प्रवासाच्या हकिगती मला मनापासून आवडतात. आमची न्यू जर्सीची मैत्रीण एकदा लिहून बसली, 'आज १४ अंश.' त्यावर गावातला मित्र म्हणाला, 'मग आमच्यासारखीच की! इतकं काय त्यात?' बाईंचे १४ अंश फॅरनहाइट होते, म्हणजे आपले उणे १०! तिच्या गावात घरासमोरच्या पदपथावरचा बर्फ घरमालकानेच काढायचा असतो, हेही तेव्हा कळलं. मेलबर्नच्या मित्राकडे डिसेंबरात उन्हाळा. त्याचा नातू चड्डीवर नाताळ साजरा करतो आणि आजोबा इकडे आम्हाला 'शेकोटीचा फोटो पाठवा' म्हणतात. एक जोडपं बसने नर्मदा परिक्रमा करून आलं. त्यांनी घाटांच्या पायऱ्या, धर्मशाळांतली गरम पाण्याची सोय, रात्रीचा गारठा असं सगळं बारकाईने लिहिलं. त्यावर विसंबून आणखी दोघं जाऊन आली.

पण प्रवासाला चार गोष्टी लागतात. पैसा, धड गुडघे, सोबत आणि घरातून पाय निघण्याची मोकळीक. पंचाहत्तरीला या चारही गोष्टी एका माणसाकडे असणं दुर्मीळ आहे. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी जरूर जावं. पण ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी ग्रुपवर जागा कुठली उरते? फोटोंना 'वा, छान' म्हणण्याची. एवढीच?

आमच्या एका मैत्रिणीचे यजमान गेली तीन वर्षं पक्षाघाताने अंथरुणावर आहेत. (तिला विचारूनच लिहिते आहे.) एका हिवाळ्यात आठ दिवसांत ग्रुपवर काश्मीर, अंदमान आणि दुबई असे तीन प्रवास आले. दोनशेच्या वर फोटो. ती पहिल्या दोन दिवशी 'सुंदर' म्हणाली, नंतर गप्प झाली. महिनाभर गप्प. कुणी तिला दुखावलं नव्हतं. तिच्याजवळ सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, इतकंच. मग एका सकाळी ती लिहिती झाली, 'आमच्या गॅलरीत आता साडेसातलाच ऊन येतं. आज ह्यांना खुर्चीत तिथे बसवलं. वीस मिनिटं बसले.' तीन ओळी. त्याला १९ जणांची उत्तरं आली. गॅलरी कुठल्या दिशेला? ऊन किती वेळ टिकतं? पायावर शाल घाल. बसवताना मदतीला कोण असतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'कुणी नाही' असं होतं. आता नाशिकमधले आमचे दोन मित्र दर गुरुवारी दुपारी तिच्याकडे जाऊन बसतात. त्या दोन तासांत ती बँक, बाजार, कधी नुसतं देवळात जाऊन येते. हा तिचा प्रवास. तो गॅलरीतल्या उन्हाच्या बातमीतून निघाला.

'सांगण्यासारखं असेल तरच लिहा' असा नियम तेव्हा असता, तर तिने त्या तीन ओळी लिहिल्या असत्या का? मला नाही वाटत.

थंडी सगळ्यांना सारखी असते असं मी म्हणणार नाही. पत्र्याच्या घरातली थंडी वेगळी आणि हीटर लावलेल्या खोलीतली वेगळी. पण ती सगळ्यांच्या दारात येते. त्यामुळे तिच्याविषयी प्रत्येकाजवळ सांगायला काहीतरी असतं. दुबईचं तसं नाही.

आमच्या बँकवाल्या मित्राचा एक मुद्दा मला मान्य आहे. फुलं, सूर्योदय आणि सुविचार घातलेले 'सुप्रभात'चे तयार फोटो बंद करावेत. ते कुणी केलेले, कुणी पाठवलेले, त्यात पाठवणारा कुठेच नसतो. पण 'रोज तेच तेच' हा त्याचा दुसरा मुद्दा मला पटत नाही. मी ३४ वर्षं वर्गात हजेरी घेतली. हजेरीतही रोज तेच तेच असतं. 'हजर' म्हणणारं पोर कुठलीही नवी माहिती देत नाही. पण ज्या दिवशी एखाद्या नावापुढे आवाज येत नाही, त्या दिवशी मान वर होते. आमच्या वर्गातले ११ जण आता नाहीत. गेल्या वर्षी जो गेला, त्याचा ग्रुपवरचा शेवटचा निरोप होता, 'आज दोन गोधड्या लागल्या.' यात सांगण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर विचारो. आम्ही तो जपून ठेवला आहे.

तेव्हा माझी उलट सूचना अशी. हवामान बंद करू नका, ते स्वतःचं लिहा. आकड्याबरोबर एक ओळ आपली. प्रवासाला गेलात तर पन्नास फोटोंऐवजी पाच टाका, आणि तिथली थंडी कशी होती, पायऱ्या किती होत्या, रात्री झोप लागली का, हे लिहा. म्हणजे जो येऊ शकत नाही तोही चार पावलं बरोबर चालतो. दोन दिवस कुणाची ओळ आली नाही, तर तिसऱ्या दिवशी फोन करा.

आणि तुमच्याही वर्गात असे काही जण असतील ज्यांच्याकडे साधाच फोन आहे, किंवा डोळ्यांनी आता अक्षर दिसत नाही. आमच्यात असे तिघं आहेत. ते कुठल्याच ग्रुपवर नाहीत, म्हणून ते हजेरीपटावरून कमी झालेले नाहीत. त्यांना या हिवाळ्यात एकदा फोन लावा. इतक्या वर्षांनी काय बोलायचं असा संकोच वाटला, तर थंडी किती आहे तेवढं विचारा. पुढचं ते सांगतील.