राखीव बॅटरी राखीवच असावी

हैदराबाद समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. येथल्या विद्यार्थ्याने मोटारबोटीतील बॅटरीची उठाठेव कशाला करावी, असा प्रश्न हे शीर्षक वाचून कोणाच्याही मनात उभा राहील. परंतु हे नगर जसे तलावांचे आहे, तसे पुराचेही आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने येथे जो अनर्थ केला, त्यात हजारो माणसे दगावली. पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या योजनेतून उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय उभे राहिले व नदीला लगाम बसला. तरीही १३ ऑक्टोबर २०२० रोजी अतिवृष्टी झाली तेव्हा वस्त्यावस्त्यांत पाणी शिरले, आणि टोळीचौकी भागातील नदीम कॉलनीसारख्या ठिकाणांहून लोकांना होड्यांत बसवून बाहेर काढावे लागले. काल जेथून रिक्षा गेली तेथून आज होडी जाते, हे ज्या शहराने पाहिले आहे, त्या शहरातील मुलांना होडीचे यंत्र परके वाटण्याचे कारण नाही.

होडीच्या पिछाडीस बाहेरून अडकवावयाच्या मोटारीला आउटबोर्ड मोटार म्हणतात. अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने १९०९ मध्ये तिची विक्री सुरू केली, आणि तेव्हापासून ती जगभर पसरली. लहान मोटार दोरी ओढून चालू करता येते. मोठ्या मोटारीला मात्र माणसाचा हात पुरा पडत नाही. तिला विजेचा स्टार्टर लागतो, आणि तो स्टार्टर काही क्षणांपुरती शंभर-शंभर अँपिअरची वीज मागतो. ती वीज बॅटरीने दिली नाही तर टाकीत काठोकाठ पेट्रोल असूनही बोट जागची हलत नाही.

आता बचावकार्याची रात्र डोळ्यांपुढे आणा. यंत्र बंद करून बोट एका गच्चीशी थांबली आहे, म्हाताऱ्या माणसांना हात देऊन उतरविले जात आहे. शोधदिवा चालू, बिनतारी संच चालू, बोटीत साचलेले पाणी उपसणारा पंप चालू. या तिघांनी मिळून दहा अँपिअर घेतले, तर साठ अँपिअर-तासांची बॅटरी तीन तासांत निम्मी होते, आणि ती जुनी असेल तर त्याआधीच मान टाकते. माणसे बोटीत बसतात, कळ दाबली जाते, आणि यंत्रातून नुसती ‘टक्’ अशी ध्वनी उमटते. यंत्र बंद न करता मंद गतीने चालू ठेवावे, असा उपाय काही जण सुचवितात. तोही अपुराच आहे. कारण यंत्राच्या फिरत्या चाकाखाली जी वीज तयार होते, ती मंद गतीत फार थोडी असते. जमा कमी व खर्च अधिक, असा तो हिशेब होतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, पुराच्या अथवा प्रवाशांच्या कामी येणाऱ्या प्रत्येक मोठ्या मोटारबोटीवर दोन बॅटऱ्या असाव्यात, आणि यंत्र चालू करण्याच्या बॅटरीला दिव्याची एक तारही जोडू नये. आपल्या मराठवाड्यातील शेतकरी हे शास्त्र न शिकता जाणतो. घरात कितीही ओढग्रस्त असो, बियाण्याची कणगी तो दळणासाठी उघडत नाही.

या दोन बॅटऱ्या दिसण्यात सारख्या, पण स्वभावाने भिन्न असतात. शिसे आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केली. यंत्र चालू करणाऱ्या बॅटरीत पातळ पत्रे पुष्कळ असतात. पृष्ठभाग मोठा, म्हणून ती क्षणात जोर करते, पण वारंवार तळापर्यंत रिकामी केल्यास लौकर निकामी होते. दिव्या-पंपांसाठीच्या बॅटरीतील पत्रे जाड असतात. तिला घाई जमत नाही. दम मात्र मोठा. पैलवानाला ओझे घेऊन पंढरीपर्यंत चालावयास लावू नये, आणि वारकऱ्याला आखाड्यात उतरवू नये!

खरी मेख आहे ती दोघींना एकाच यंत्राने भरण्यात. जुन्या पद्धतीत एक फिरता स्विच असतो : पहिली, दुसरी, दोन्ही, बंद. तो ‘दोन्ही’वर विसरला गेला, तर दिवे दोघींनाही एकदमच रिकाम्या करतात, मग दुसरी बॅटरी घेऊन काय साधले? यंत्र चालू असता तोच स्विच ‘बंद’वर गेला, तर वीज जाण्यास जागा न राहून भरणीचे भाग जळू शकतात. अंधारात, पावसात, आरडाओरड्यात माणूस विसरणारच. तेव्हा व्होल्टेज ओळखून आपोआप जोडणारा रिले मला अधिक विश्वासाचा वाटतो. यंत्र सुरू झाले की तो प्रथम स्टार्टरची बॅटरी भरू देतो. तिचे व्होल्टेज साधारण १३.३ झाले की दुसरीला सोबत घेतो. यंत्र थांबून ते १२.८ च्या आसपास उतरले की दोघींना पुन्हा वेगळे करतो. ऋण तारा एकत्र, धन तारा वेगळ्या, आणि धन टोकाजवळच फ्यूज, एवढी जोडणी नीट हवी. हाताने जोडावयाचा स्विचही असावा, पण तो अडचणीच्या वेळेपुरता.

यावर खर्चाचा आक्षेप येतो, वजनाचाही येतो. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी पंचवीस-तीस किलो भरते, हे खरे. लहान होडीत ती कोठे ठेवावी याचा विचार करावाच लागतो. १९९० च्या मार्चमध्ये बुद्धमूर्ती नेणारा तराफा हुसेनसागरात कलंडला, मूर्ती तळाशी गेली आणि माणसे प्राणास मुकली. पाण्यावर भाराची जागा किती मोलाची असते हे या नगराला कोणी सांगावयास नको. बॅटऱ्या खाली व मध्याजवळ घट्ट बांधल्या म्हणजे तो आक्षेप बराचसा सरतो. आणि खर्चाचे म्हणाल, तर पुरात अडकून पडलेल्या बोटीला सोडविण्यासाठी दुसरी बोट पाठवावी लागते, तिचा खर्च कोणी मांडीत नाही.

माझी अधिक चिंता वेगळीच आहे. पुराची बोट वर्षातील बहुतेक महिने छपराखाली उभी असते. हैदराबादच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. बॅटरीतील पाणी आटते, ती न वापरताही हळूहळू रिकामी होते, आणि रिकाम्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसतो. मग मृगाच्या पावसात धावपळ सुरू होते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा तो प्रकार. त्याऐवजी दरमहा दोन्ही बॅटऱ्या काठावरील चार्जरने भराव्यात. क्षमतेच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका प्रवाह, म्हणजे साठ अँपिअर-तासांस सहा अँपिअर, पुरेसा होतो. व्होल्टेज १४.४ च्या आसपास न्यावे व भरल्यावर १३.५ वर आणावे. कडक उन्हाळ्यात थोडे कमीच ठेवावे. भरताना हायड्रोजन वायू निघतो. खोलीची खिडकी उघडी असावी आणि काडी ओढू नये. पाणी घालावयाचे ते ऊर्ध्वपातितच.

बोटीला एक वही बांधलेली असावी. तारीख, काही तास स्वस्थ ठेवल्यानंतरचे दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज, आणि मोजणाऱ्याची सही. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. हे मोजमाप आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतील साध्या मीटरने नववीच्या विद्यार्थ्यालाही करता येते. घरी इन्व्हर्टर असेल, तर येत्या रविवारी तेथेच करून पाहावे, मात्र वडीलधाऱ्यांना सांगून, आणि हातातील कडे-अंगठी काढून.