वल्हाल्ला नंतर, आधी चूल

अमेरिकेत २०१३ पासून दिवंगत सैनिकाच्या सरकारी स्मृतिशिलेवर थोरचा हातोडा कोरून मिळतो. मान रास्तच आहे. पण जुन्या नॉर्स देवांकडे नव्याने वळणारे, त्यात आम्ही फौजी विशेष, थेट वल्हाल्लाच्या गोष्टी करतात. मला हे उलटं वाटतं. इ.स. १००० च्या सुमारास आइसलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी जुन्या देवांना घरात गुपचूप बळी-नैवेद्य द्यायची मुभा काही काळ राहिली. शेवटपर्यंत उरली ती घरातली पूजा.

नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. थोरचा वार गुरुवार. त्या दिवशी घोटभर बिअर जमिनीवर ओतावी, पूर्वजांची नावं घ्यावीत. बिअर नको तर दूध. (रमचा पहिला थेंब जमिनीला देणारे आपल्याकडेही आहेतच.) गळ्यातला हातोडा सवडीने घ्या.