पडदा सात गुंठ्यांचा, चुकारा शेवटच्या पंगतीला



ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात डार्लिंग हार्बर नावाचा बंदरकाठ आहे. शंभराहून जास्त वर्षे तिथे रेल्वेचा मालधक्का होता. आतल्या मुलखातल्या शेतकऱ्यांची लोकर आणि गहू तिथे उतरे, बोटीत चढे. १९८४ साली मालगाड्या थांबल्या. १९८८ मध्ये त्याच जागी शहरवासीयांना फिरायला किनारा तयार झाला. १९९६ साली तिथे आयमॅक्स थिएटर आले. पडदा सुमारे ३६ मीटर रुंद आणि ३० मीटर उंच. आपल्या मापाने साडेदहा गुंठे! जगातला सर्वांत मोठा पडदा म्हणून त्याची दवंडी पिटली गेली. वीस वर्षांतच, २०१६ साली, ते बंद झाले आणि पुढे पाडले गेले.

आज तिथे दोन उड्डाणपुलांच्या बेचक्यात फितीसारखी वळलेली काचेची इमारत उभी आहे. नाव ‘द रिबन’. २०२३ मध्ये ती खुली झाली. तिच्यात जवळपास ६०० खोल्यांचे हॉटेल आहे आणि पुन्हा आयमॅक्स आहे. नवा पडदा ६९२ चौरस मीटरचा, म्हणजे सात गुंठ्यांना जरा कमी. पाडलेल्या पडद्याहून लहानच.

एका पडद्याच्या जागी दुसरा यायला सात वर्षे का लागली? काम ग्रोकॉन कंपनीने हाती घेतले होते. पुढे ते ग्रेटन कंपनीकडे गेले. बांधकाम करत होती प्रोबिल्ड. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रोबिल्डच्या दक्षिण आफ्रिकेतील मालक कंपनीने पैसा पुरवणे थांबवले आणि प्रोबिल्ड कोसळली. देशभरातल्या तिच्या कामांवर ज्या पोटकंत्राटदारांनी आधी काम केले आणि पैसे नंतर घ्यायचे ठरवले, त्यांची बिले अडकली.

काही मंडळी म्हणतील, हा सगळा श्रीमंतांचा चोचला आहे, तो हवाच कशाला? आमचे म्हणणे तसे नाही. ज्याला हॉटेल बांधायचे त्याने खुशाल बांधावे. आमचा सवाल एवढाच आहे, की धंदा बुडाला तर पहिल्या पंगतीला कोण बसतो आणि शेवटच्या पंगतीला कोण?

त्या राज्यात १९९९ पासून कायदा आहे. ‘आम्हाला वरून पैसे आले की तुम्हाला देऊ’ अशी अट पोटकंत्राटदारावर घातली तरी ती चालत नाही. चांगला कायदा आहे. पण देणारी कंपनीच बुडाली की तोही तोकडा पडतो. तारण घेतलेला सावकार पुढे, कामगारांचे पगारही आधी, आणि विनातारण उधारीवाला मागे.

आपल्याकडे वेगळे काय आहे? २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात तारण घेतलेली बँक पुढच्या रांगेत आहे. कंपनीला उधारीवर माल देणारा बँकांच्या आणि सरकारी देण्यांच्याही मागे उभा आहे. कंपनीचे पुढे काय करायचे हे ठरवणाऱ्या समितीत त्याला मतदेखील नाही. जिनिंग कंपनीला उधारीवर कापूस घालणारा शेतकरी या हिशेबाने कोण झाला? तोच शेवटचा.

चार पैसे जास्त भाव मिळेल या आशेने आपण गाडी रिकामी करतो आणि काटापट्टी खिशात घालून घरी येतो. चुकारा पंधरा दिवसांनी. ते पंधरा दिवस जिनिंग कोणाच्या भांडवलावर चालते? आपल्या! बँक तारण घेते, व्याज घेते, आणि पहिल्या पंगतीलाही तीच बसते. आपण तारण घेत नाही, व्याज घेत नाही, आणि पंगत येते तेव्हा पत्रावळी संपलेल्या असतात. याला विश्वास म्हणत नाहीत. हे बिनव्याजी कर्ज आहे, आणि ते देणारा स्वतः पीककर्जावर व्याज भरतो आहे.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन ठराव यावेत. एक, उधारीवर खरेदी करणाऱ्याने आधी बँकेची हमी द्यावी. दोन, चुकारा लांबला तर बँक लावते त्याच दराने व्याज द्यावे. तीन, दिवाळखोरीत शेतमालाचे देणे बँकेच्या बरोबरीने धरावे.

आणि ठरावाची वाट न पाहता, कापूस असो की ज्वारी, या हंगामापासून एक गोष्ट आपल्याच हातात आहे. पैसे हातात पडल्याशिवाय गाडी रिकामी करायची नाही.